हाताने घडवलेली चांदी पुन्हा पुन्हा काळी पडते: मुलामा द्यावा का?

"घेतलं तेव्हा लखलखीत होतं, दोन महिन्यांत असं झालं." चांदीत काम करणाऱ्या प्रत्येकाने ही तक्रार ऐकलेली असते. डबी उघडली की आत पिवळट-तपकिरी पडलेली कानातली, कडांना जांभळी झाक. पुसून परत दिली तरी काही दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तक्रार आली की कुणीतरी सांगतंच: वरून ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा देऊन टाक, कटकट मिटेल.

मीही एकदा तसंच केलं. ठोक्यांची नक्षी असलेल्या अंगठ्या आणि कानातली असा पूर्ण संच मुलाम्याला पाठवला. परत आला तेव्हा एकसारखा पांढरा, चकचकीत. कानातली आजही चांगली आहेत. अंगठ्यांचं मात्र सहा महिन्यांच्या आत बिनसलं. तळहाताकडची बाजू उघडी पडली. वर ऱ्होडियमचा थंड, निळसर पांढरा, खाली चांदीचा उबदार पांढरा, आणि दोन्हींच्या मधे ठळक रेघ. त्यातली एक अंगठी वाढवायला आली. ज्योत लावली आणि मुलामा करडा पडला. ऍसिडमध्ये तो रंग निघेना, बफने म्हणजे पॉलिशच्या चाकानेही जाईना. शेवटी पॉलिश पेपरने सगळा पृष्ठभाग खाली उतरवला आणि त्याबरोबर माझे सगळे ठोकेही गेले. ती अंगठी मी नव्याने ठोकली.

तेव्हापासून "मुलामा देऊ का?" या प्रश्नाला मी आधी तीन प्रश्नांनी उत्तर देते. काळं नेमकं कुठे पडलंय? किती दिवसांत पडलं? आणि त्या दिवसांत दागिना कुठे होता?

काळं म्हणजे काय

चांदीचा काळेपणा हा लोखंडासारखा गंज नव्हे, आणि बहुतेकांना वाटतं तसा ऑक्सिजनमुळेही तो येत नाही. हवेत अगदी थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. त्यातलं गंधक चांदीशी जुळून सिल्व्हर सल्फाइडचा थर तयार होतो. थर पातळ असताना पिवळा दिसतो, वाढत गेला की तपकिरी, मग जांभळट-निळा आणि शेवटी काळा. हवेतल्या ओलाव्याने हे सगळं वेग धरतं.

दागिन्यांची चांदी सहसा ९२.५ टक्के असते, उरलेले ७.५ टक्के बहुधा तांबं. शुद्ध चांदी फार मऊ, म्हणून तांबं हवंच. पण तेच तांबं गंधकाला आणि ऑक्सिजनलाही लवकर धरतं, त्यामुळे ही मिश्र चांदी शुद्ध चांदीपेक्षा लवकर काळवंडते. पुढच्या बऱ्याच गोष्टी या तांब्याभोवतीच फिरणार आहेत.

आधी डाग वाचा

दागिना दिवसाउजेडी, खिडकीजवळ धरून पाहा. पिवळ्या दिव्याखाली निम्मे डाग दिसत नाहीत.

सगळीकडे सारखा पिवळा-तपकिरी रंग असेल तर तो हवेचा आणि वेळेचा. यात घडवण्याची चूक नाही. कापडाने निघतो.

पॉलिश केल्यावरही ढगासारखा करडा-जांभळा पट्टा राहत असेल, एका कोनातून दिसत असेल आणि दुसऱ्या कोनातून लपत असेल, तर तो वरचा काळेपणा नाहीच. भट्टीत किंवा ज्योतीखाली तापवताना ऑक्सिजन चांदीच्या आत शिरला आणि तिथल्या तांब्याचा ऑक्साइड झाला, त्याचा तो डाग. आपण त्याला फायरस्टेन म्हणतो. ग्राहकाला हा डाग "काळं पडलं" असाच दिसतो, आणि नवीन कारागिरांच्या तक्रारींत याचा वाटा फार मोठा असतो. ताज्या पॉलिशच्या झगमगाटात तो नजरेतून सुटतो. बाकीची चांदी जरा मंदावली की उठून दिसायला लागतो, आणि तो भाग आधी काळवंडतोही.

फायरस्टेनवर दोनच खरे उपाय आहेत. एकतर होऊच द्यायचा नाही: झाळण्याआधी आणि तापवण्याआधी संपूर्ण तुकडा बोरिक ऍसिड आणि अल्कोहोलच्या मिश्रणात बुडवून अल्कोहोल जाळून टाकायचं, म्हणजे पांढरा थर संरक्षण देतो. भांडं आधी झाकून ज्योतीपासून लांब ठेवा, या कामात आग लागायला क्षण पुरतो. तापवायचंही मोजकंच, तीन सांधे एकाच वेळी होत असतील तर तीनदा तापवू नका. दुसरा उपाय म्हणजे डाग जाईपर्यंत कानस आणि पेपरने खाली जाणं. कंटाळवाणं आहे, पण डाग खरोखर जातो. यावर मुलामा देणं म्हणजे डाग झाकून ठेवणं. जिथे मुलामा झिजेल तिथून तो पुन्हा वर येणार.

फक्त सांध्याजवळ काळं किंवा हिरवट दिसत असेल तर टाकणखाराचा किंवा ऍसिडचा अंश आत राहिलेला असतो. पोकळ मणी, नळीच्या कड्या, खड्यांची बंद पाठीची घरं यांत हे हमखास घडतं. पिकलमधून, म्हणजे तापवल्यावर दागिना साफ करायच्या ऍसिडमधून, काढल्यावर तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळा, मग साध्या पाण्यात, आणि पूर्ण वाळवा. पोकळ वस्तूला बारीक छिद्र ठेवलेलं नसेल तर आतला ओलावा महिनोन्‌महिने झिरपत राहतो. (पिकलमधून दागिना गुलाबी होऊन निघाला तर त्यात लोखंडी चिमटा गेला असणार. तो तांब्याचा थर आहे. पितळी किंवा प्लॅस्टिकचा चिमटा वापरा.)

खोल नक्षीत आणि चांदीच्या बारीक रव्यांच्या मधे काळे ठिपके दिसले तर आधी पॉलिशच्या मेणाचा संशय घ्या. कोमट पाणी, थोडा द्रव साबण आणि मऊ ब्रशने घासून पाहा. अनेकदा तेवढ्यानेच काम होतं, आणि "काळी पडलेली" चांदी पाच मिनिटांत साफ निघते.

आडवी, सरळ, गडद रेघ असेल तर जवळपास रबर होतं. गंधक घालून पक्क्या केलेल्या रबराचा बँड कागदाच्या घड्यांमधूनही चांदीवर खूण उमटवतो.

एकाच माणसाच्या अंगावर लवकर काळं पडत असेल तर घाम, केसांचे आणि त्वचेचे लोशन, अत्तर, पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन यांबद्दल विचारा. क्लोरीनबद्दल तर आवर्जून विचारा, कारण ते सोल्डरच्या सांध्यांना कमजोर करतं आणि तो धोका रंगापेक्षा मोठा आहे.

अंगावर न घालताच काळं पडलं तर

दागिना कुणी घातलाच नाही आणि तरी डबीत काळा पडला, तर डबीची चौकशी करा. याकडे फार कमी लोक लक्ष देतात आणि मला ते खटकतं. आपण आठवडाभर खपून एक पेंडंट घडवतो आणि मग जे पहिलं गोंडस खोकं हाताला लागेल त्यात ठेवून देतो. लोकर, फेल्ट, काही प्रकारचं चामडं, फोमची गादी, स्वस्त पुठ्ठा, ताजा रंग किंवा गोंद लावलेलं लाकूड, यांतून गंधकाची किंवा आम्लाची वाफ सुटू शकते. बंद डबीत ती कोंडून राहते.

हे तपासायची पद्धत संग्रहालयांकडून शिकण्यासारखी आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली एक चाचणी मांडली, ती आजही त्यांच्याच नावाने चालते. प्रदर्शनाच्या कपाटात वापरायच्या कापडाचा किंवा लाकडाचा तुकडा, चांदी, तांबं आणि शिसं यांच्या पट्ट्या आणि थोडंसं पाणी बंद भांड्यात घालून ६० अंश सेल्सियसला २८ दिवस ठेवायचं. पट्टीवर डाग पडला तर ते साहित्य कपाटात जात नाही.

आपल्याला इतकं काटेकोर करायची गरज नाही. काचेच्या घट्ट झाकणाच्या दोन बरण्या घ्या. दोन्हींत नुकतीच पॉलिश केलेली चांदीची पट्टी दोऱ्याने टांगा आणि तळाशी ओल्या कापसाचा बोळा ठेवा. एका बरणीत तुमच्या डबीच्या अस्तराचा तुकडा घाला, दुसरी तशीच ठेवा. उबदार जागी चार आठवडे राहू द्या. दुसरी बरणी महत्त्वाची. ती नसेल तर ओलाव्याचा डाग कुठला आणि अस्तराचा कुठला हे कळणार नाही. मी माझ्या निळ्या मखमली डब्या अशाच तपासल्या आणि त्या दिवसापासून बंद केल्या. आता दागिना पॉलिथिनच्या साध्या झिपच्या पिशवीत जातो, हवा दाबून काढलेली, आत काळेपणा रोखणाऱ्या कागदाचा तुकडा. ती पिशवी मग हव्या त्या सुंदर डबीत ठेवा. पिशवी पीव्हीसीची नको. सिलिका जेलची पुडी ओलावा खेचते, गंधक नाही, म्हणून एकट्या तिच्यावर भिस्त ठेवू नका.

या एका बदलाने तक्रारी किती कमी होतात हे स्वतः पाहिल्याशिवाय पटत नाही.

मुलाम्याने नेमकं काय होतं

ऱ्होडियम हा प्लॅटिनमच्या कुळातला धातू. गंधकाचा त्याच्यावर परिणाम होत नाही, तो कठीण आहे आणि ओरखड्यांना चांगला टिकतो. एवढं ऐकलं की सगळं जमून आल्यासारखं वाटतं. पण दागिन्यावरचा थर बहुधा मायक्रॉनच्या काही दशांशांचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. म्हणजे कठीण पापुद्रा, पण केसाच्या शेकडो पट पातळ, आणि त्याच्या खाली मऊ चांदी. चांदीला पोचा आला की वरचा पापुद्रा तिथे टिकत नाही. इतक्या पातळ थरात सूक्ष्म छिद्रंही असतात. त्यांतून गंधक खाली पोचतं आणि ठिपक्या-ठिपक्यांनी काळं वर येतं. साधी काळवंडलेली चांदी कापडाने पुसता येते. मुलाम्याच्या खालून आलेला ठिपका पुसायला गेलात तर मुलामाच घासला जातो.

हाताने घडवलेल्या कामाची आणखी एक अडचण आहे. विजेच्या साहाय्याने मुलामा चढतो तेव्हा प्रवाह कडांवर आणि उंचवट्यांवर एकवटतो, खोलगट भागात कमी पोचतो. सपाट, गुळगुळीत दागिन्याला याचं फारसं काही नाही. पण ठोके, रवाकाम, वळवलेली तार, खोल घरं असलेल्या दागिन्यात जिथे पुसायचं कापड पोचत नाही तिथेच मुलामाही पातळ बसतो. साखळीच्या कड्या जिथे एकमेकींना टेकतात तिथे तो कधी चढतच नाही.

आणि रंग. दिसणाऱ्या प्रकाशात चांदीइतकं परावर्तन करणारा दुसरा धातू नाही. ऱ्होडियम तिच्यापुढे थोडा गडद, थोडा थंड दिसतो. कारखान्यात ओतलेल्या, आरशासारख्या दागिन्याला तो शोभतोही. पण हातोडीच्या प्रत्येक ठोक्यावर उजेड वेगळा पडावा म्हणून आपण तास घालवलेले असतात, आणि तो उजेड मुलाम्याखाली एकसारखा होऊन जातो. हे कुणाला भावनिक वाटेल. एकाच पत्र्याचे दोन तुकडे ठोका, एकावर मुलामा द्या आणि शेजारी ठेवून पाहा.

गंधकाच्या द्रावणाने मुद्दाम काळी केलेली नक्षी असेल तर गोष्ट आणखी अवघड. मुलाम्याआधीच्या सफाईत तो काळा रंग निघून जाऊ शकतो, आणि उरला तर त्याच्यावर मुलामा नीट धरत नाही.

दुरुस्तीचं मी वर सांगितलंच. मुलामा दिलेला दागिना म्हणजे यापुढे ज्योत लावायची तर आधी सगळा मुलामा घासून काढायचा. ऱ्होडियम रसायनाने उतरवू म्हटलं तर खालची चांदी आधी विरघळते.

सोन्याच्या मुलाम्याबद्दलही विचारलं जातं. तो रंगासाठी द्यावा, काळेपणा टाळण्यासाठी नाही. पातळ सोन्याच्या थरातून खालची चांदी हळूहळू वर सरकते आणि तिथे गंधकाला भेटते. म्हणूनच चांगल्या कामात मधे दुसऱ्या धातूचा थर घालतात. शुद्ध चांदीचा मुलामा फायरस्टेन झाकतो आणि थोडा सावकाश काळवंडतो, पण काळवंडतोच.

मग कधी द्यायचा

कानातली, ब्रूच, क्वचित घासली जाणारी पेंडंट, ज्यांची घडण गुळगुळीत आहे, ज्यांना पुढे झाळावं लागण्याची शक्यता कमी आहे आणि ज्यांच्या मालकाला थंड पांढरा रंगच आवडतो, त्यांना मुलामा द्यायला माझी हरकत नाही. काचेच्या कपाटात महिनोन्‌महिने मांडून ठेवायच्या वस्तूलाही चालेल. अंगठीला आणि कड्याला देऊ नका. त्या रोज घासल्या जातात, आणि त्याच घासण्याने साधी चांदी आपोआप उजळ राहते.

मुलामा देणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: थर किती मायक्रॉनचा, आणि खाली काय आहे? ऱ्होडियमखाली निकेल देण्याची पद्धत जुनी आहे. निकेलने अनेकांना खाज येते, पुरळ उठतं. कानाच्या छिद्रातून जाणाऱ्या तारेतून निकेल किती सुटू शकतं याची युरोपीय संघाची मर्यादा दर चौरस सेंटीमीटरला आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅम आहे, इतर दागिन्यांना ०.५. निकेलऐवजी पॅलेडियमचा थर मागा. या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय काम पाठवू नका.

मोती, पोवळं, ओपल, पिरोजा, मॅलाकाइट बसवलेला दागिना मुलाम्याच्या द्रावणात टाकू नये. ऱ्होडियमचं द्रावण तीव्र आम्लाचं असतं. अशा कामात मुलामा हवाच असेल तर आधी मुलामा, मग खडा, आणि घर दाबताना वरचा थर ओरखडणार हे धरून चाला.

ग्राहकाला मुलामा आहे हे लिहून द्या. पुढे कधी तो दागिना दुसऱ्या कारागिराच्या ज्योतीखाली जाईल, तेव्हा त्याला ते माहीत असायला हवं.

मी काय करते

झाळकाम झालं की दागिना मंद तापवून पिकलमध्ये टाकते, पुन्हा तापवते, पुन्हा पिकल. चार-पाच वेळा. दर वेळी वरचं तांबं ऑक्साइड होऊन ऍसिडमध्ये विरघळतं आणि पृष्ठभागावर शुद्ध चांदीची पांढुरकी कातडी उरते. ही कातडी बफच्या मेणाने निघून जाते. म्हणून यापुढे घासायचं नाही, दाबून चमकवायचं: साबणाच्या पाण्यात पितळी ब्रश, किंवा टंबलर या फिरत्या डब्यात पोलादी छऱ्यांबरोबर काही तास. छऱ्यांनी पृष्ठभाग घट्ट आणि गुळगुळीत होतो, कानातल्याच्या तारा कडक होतात. खाली फायरस्टेन असेल तर तो या कातडीखाली राहतो, म्हणून ती सफाई आधीच झालेली हवी. जे खडे ज्योत किंवा छरे सोसणार नाहीत ते सगळ्यात शेवटी बसवते.

नव्या कामासाठी जर्मेनियम घातलेली चांदी वापरून पाहण्यासारखी आहे. १९९० च्या दशकात मिडलसेक्स विद्यापीठात पीटर जॉन्स यांनी ती विकसित केली, आर्जेंटियम नावाने मिळते. जर्मेनियमचा पारदर्शक ऑक्साइड वर तयार होतो, फायरस्टेन होत नाही आणि काळेपणा बराच मंदावतो. तिच्या सवयी मात्र वेगळ्या. लाल तापल्यावर ती लवकर वाकते, त्या अवस्थेत हलवली तर तडकते, आणि साध्या चांदीचा चुरा लागलेल्या झाळकामाच्या विटा आणि ब्रशांपासून तिला दूर ठेवावं लागतं. अर्धी साधी, अर्धी जर्मेनियमची असं काम करू नका.

मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात ब्रूचला आणि मांडून ठेवायच्या वस्तूला देते. अंगावरच्या दागिन्यावर मेण फार टिकत नाही. लाखेसारख्या पारदर्शक लेपाच्या मी बाजूची नाही. तो एका कोपऱ्यातून सुटतो आणि मग फक्त तेवढाच तुकडा काळा होतो, जो साऱ्या दागिन्याहून वाईट दिसतो.

सफाईसाठी दागिन्याबरोबर चांदी पुसायचं कापड देते. ऍल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि सोड्याचं गरम पाणी ही युक्ती काम करते, सल्फाइडमधली चांदी पुन्हा चांदी होते आणि सुटणाऱ्या गंधकाचा कुजकट वास येतो. पण मुद्दाम काळी केलेली नक्षीही त्यात पांढरी होते. मोत्याच्या, चिकटवलेल्या खड्याच्या दागिन्याला ती वापरू नका. एका क्षणात चांदी पांढरी करणारे बुडवायचे द्रव मी टाळते. त्यांतल्या बहुतेकांत थायोयुरिया असतो, पृष्ठभाग मंद होतो आणि पोकळ जागेत अंश राहतो.

आधीच मुलामा दिलेला दागिना परत आला तर

कापडाने हलकं पुसा, रसायन लावू नका. ठिपके खालून आलेले असतील तर ते जाणार नाहीत, हे ग्राहकाला तिथेच दाखवा. मग दोन वाटा उरतात. एकतर सगळा मुलामा घासून काढून पुन्हा द्यायचा. जुन्यावरच नवा थर चढवला तर ठिपके आत राहतात. नाहीतर घासून साधी चांदी करायची. नक्षी खोल असेल तर आधी फोटो काढून ठेवा, कारण तिचा काही भाग जाणार आणि पुन्हा ठोकावा लागणार. माझ्या त्या संचातल्या उरलेल्या अंगठ्या मी एकेक करून अशाच परत मागवल्या. घासल्या, ठोकल्या, चार वेळा पिकल, टंबलर. आता त्यांच्या खोल ठोक्यांत थोडा काळा राहतो आणि वरच्या कडा बोटावर घासून उजळ असतात. त्यांतली एकही अजून सफाईला आलेली नाही.